एकीनं नळी मोडायची, एकीनं नेम धरायचा

लोक मला अजून विचारतात, मॅडम, फुकटात मिळत होती ती नवी बंदूक, तुम्ही काहून नाही घेतली? आणि विचारताना असे बघतात, जणू मी वाढलेली बासुंदी उचलून नालीत ओतली. तर आता सांगून टाकते एकदाचं. घरी मी मले-तुले बोलते, कागदावर मला-तुला लिहिते, कारण शाळेत तसंच घोटून घेतलं होतं. पण राग आला की दोन्ही एक होते, तेवढं सांभाळून घ्या.

मी बीरगावच्या एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवत होते. माहेर भंडाऱ्याकडचं, नवरा रेल्वेत, म्हणून रायपूरला आले आणि इथलीच होऊन गेले. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा आमच्या क्वार्टरातल्या बायकांना वाटलं, आता नळाला दिवसभर पाणी येईल. पाणी काही आलं नाही. पुढे राजधानीच उठून नव्या रायपुरात गेली, रुंद रस्त्यांवर, जिथं मोटारी भरपूर आणि बस बघायला मिळत नाही. बीरगाव होतं तिथंच राहिलं, उरला नावाच्या भागातल्या कारखान्यांना टेकून. सकाळी शाळेच्या व्हरांड्याच्या कठड्यावर बोट फिरवलं की बोट काळं. माझ्या पोट्ट्यांचे बाप त्याच कारखान्यांत जायचे.

कॉलेजात असताना मी थोडीफार नेमबाजी केली होती. लग्नानंतर ती सुटली, पण हाताला लागलेली सवय जाते थोडीच? शाळेत लागल्यावर गोल बाजाराकडच्या एका दुकानातून मी दोन एअरगन आणल्या. साध्या, देशी. पोट्ट्यांची झुंबड उडायला लागली तसं आम्ही स्टाफरूममधे वर्गणी काढली, आणखी दोन आणल्या आणि चारही शाळेच्या नावावर चढवल्या. लाकडी बूड, लोखंडी नळी, आत एक स्प्रिंग आणि चामड्याचा वायसर. नळी धरून खाली मोडायची म्हणजे आतली स्प्रिंग दबते, छर्रा बसवायचा, नळी परत सरळ करायची, की बंदूक तयार. टाकी नाही, सेल नाही, दुर्बीण नाही. वायसर वाळला तर तेलाचे थेंब सोडायचे आणि स्प्रिंग मेली तर मी पेचकस घेऊन स्क्रू खोलत बसायचं. आजकाल पोट्टे जो मोबाइल हातातून पाडून फोडतात, त्याच्यापेक्षा स्वस्त.

सायकल स्टँडच्या मागं आमची रेंज होती. रेंज कसली, धानाच्या भुशानं भरलेली पोती एकावर एक रचलेली, त्याच्यापुढं लाकडी चौकट आणि चौकटीला कार्ड अडकवलेलं. पण शिस्त माझी कडक. बंदुकीचं तोंड पोत्यांकडेच. जरा इकडे-तिकडे वळलं तर त्या दिवशी त्या पोट्टीची बंदूक बंद, मग ती कितीही रडो.

आता नळी मोडायला लागतो जोर. आठवी-नववीची काडीपैलवान पोट्टी, चार-सहा वेळा मोडून तिचे हात असे लटपटायचे की नेम कार्डावर राहायचाच नाही. म्हणून मी जोड्या लावल्या. एक पोट्टी नेम धरायला, दुसरी तिच्या डाव्या हाताला बसायला. बसलेलीनं बूड मांडीला टेकवायचं, दोन्ही हातांनी नळी मोडायची, छर्रा घालायचा आणि भरलेली बंदूक तिच्या हातात द्यायची. नेम धरणारीनं कार्डावरची नजर काढायचीच नाही. बार झाला की न बघता बंदूक डावीकडे सरकवायची, ती भरून परत येते. अर्धी पाळी झाली की अदलाबदल. नियम एकच, आपल्यासाठी जिनं मोडली तिच्यासाठी आपण मोडायचीच. भांडण असो, अबोला असो, मोडून दिल्याशिवाय घरी जायचं नाही. हा नियम कोणत्या पुस्तकात नाही, माझ्या डोक्यातून निघाला, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

ही बंदूक सुटताना मागेही झटकते आणि पुढेही झटकते. तिला आवळून धरली की ती रुसते, छर्रा भलतीकडेच जातो. कडेवर झोपलेलं लेकरू जसं धरतो, पडू द्यायचं नाही पण दाबायचंही नाही, तशी धरावी लागते. हे पोट्ट्यांना सांगावंच लागलं नाही. लहान भावंडं सांभाळून त्यांचे हात आधीच तयार होते.

सगळ्यांत चांगली नेम धरायची ती लंबू. उंच होती म्हणून पोट्ट्यांनीच ते नाव ठेवलं. घरचे आमच्या भंडाऱ्याकडचेच, बाप रोलिंग मिलमधे. मी तिच्याशी मराठीत बोलायची आणि ती मला हिंदीत उत्तर द्यायची, या वयाच्या सगळ्या पोट्ट्या तेच करतात. तिची जोडीदारीण छोटी, इथलीच छत्तीसगढी, बोरासारख्या टपोऱ्या डोळ्यांची. काहीही सांगा, ती म्हणणार ‘हव मैडम’. छोटीचं अख्खं अंग नळीला लटकायचं तेव्हा कुठं नळी मोडायची, पण लंबूसाठी तिनं कधी कुरकुर केली नाही.

असं आमचं सुखात चाललं होतं. मग आले साहेब.

नव्या रायपुरात एका खासगी संस्थेनं नेमबाजीचा मोठा हॉल बांधला होता, गारेगार, काचेचा. त्या संस्थेचे हे साहेब. त्यांनी काही शाळा दत्तक घ्यायचं ठरवलं आणि आमच्या कोणाच्या पुण्याईनं आमचीही घेतली. मोठ्या गाडीतून आले, सोबत फोटोवाला. आमच्या पोत्यांसमोर उभे राहून असे हसले की मला माझ्या पोत्यांचीच लाज वाटावी. मला नाही वाटली. त्यांचं म्हणणं असं, की संस्था शाळेला एक परदेशी बंदूक देईल, हवेच्या टाकीवर चालणारी, आणि बदल्यात या चारही जुन्या बंदुका त्यांच्याकडे जमा करायच्या. दत्तक शाळेत असला खटारा दिसला तर संस्थेचं नाव खराब होते म्हणे.

मी विचारलं, एका बंदुकीवर एक पोट्टी, बाकीच्या काय करतील? ते म्हणाले, देखेंगी, सीखेंगी. स्वयंपाक बघून कोणाचं पोट भरलं, सांगा बरं. आमच्याकडे बोहारीण यायची, चार धड साड्या घेऊन एक पातेलं टेकवून जायची, आणि पातेलं चकचकीत आहे म्हणून बाया खूश. मला ती आठवली. तोंडावर मी तेच सांगितलं. साहेबांना बोहारीण कळली नाही, पण माझा सूर कळला.

खोटं कशाला बोलू, बंदूक देखणी होती. त्यांनी मला चालवून बघायला दिली. झटका म्हणून नाही, आवाज म्हणजे नुसता फुस्स, आणि छर्रा आधीच्याच भोकातून जातो. मी लगेच दुसरा छर्रा मागून घेतला, इतकी छान. पण तिची टाकी भरायची तर तिकडे त्यांच्या हॉलवर जायचं. टाकी रिकामी झाली की ती बंदूक म्हणजे उलथण्याच्या कामाचीही नाही. तिला अंगावर ताठ कोट पाहिजे, तिला तिची पेटी पाहिजे, तिला बिघडली तर बाहेरगावचा माणूस पाहिजे. आणि काही झालं तरी ती एकच. माझ्याकडे चार होत्या, आणि रोज दुपारी एकीच्या मागे एक पोट्ट्यांची रांग लागायची.

आमच्या बडी मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. बाई स्वभावानं गाय, पण साहेबांनी त्यांना सायकल स्टँडवर नवे पत्रे टाकून द्यायचं कबूल केलं होतं, आणि त्या स्टँडवर पत्रा नव्हताच कधी. स्टाफरूममधे सगळे माझ्या मागे लागले. लक्ष्मी दारात आली न तुम्ही कडी लावून राहिल्या का, असं आमचे मराठीचे सर म्हणाले. मी म्हटलं, लक्ष्मी घरातलं काढून नेत नाही. शेवटी असं ठरलं, की संस्थेच्या हॉलमधे राज्यभरातल्या शाळांच्या स्पर्धा आहेत, त्या दिवशी स्टेजवर जुन्या जमा करायच्या आणि नवी घ्यायची. तोवर विचार करा, बडी मॅडम म्हणाल्या, आणि जरा शहाण्यासारखा करा.

हे सगळं मी एकटीनं निभावलं असतं. पण मला बोलली ती लंबू.

त्या दुपारी तिनं नेम धरला होता, छोटी मोडून देत होती. लंबूची पाळी संपली. आता तिनं बसायचं, छोटीला मोडून द्यायचं. ती बसलीच नाही. उभी राहिली, ओढणीला हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मैडम, जिद आपकी है, नुकसान मेरा है.”

आणि निघून गेली. छोटी हातात छर्रा घेऊन तशीच बसून राहिली.

मला राग आला का? आला. पण तिचा नाही. पोट्टी खोटं बोलली नव्हती. तिच्या नेमाला ती देखणी बंदूक शोभली असती, आणि मी मधे उभी होते. पण मी मधे उभी होते ती बाकीच्यांसाठी, आणि तिथून हलणारही नव्हते. मग मी तेच केलं जे मला सुचलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन लावला. म्हटलं, पोट्टी घ्या, तुमच्या होस्टेलवर ठेवा, तुमची बंदूक तिच्या हाती द्या, चांगली निघाली तर फोटो तुमचा. माझ्या चार बंदुकांना मात्र हात लावायचा नाही. साहेब खूश झाले. पोट्टी तर घेऊच म्हणाले, पण बंदुका जमा करायचं ते वेगळं, ते बडी मॅडमशी ठरलं आहे.

मीच तिला पोचवायला गेले, तिच्या आईसोबत. बस बदलत बदलत नव्या रायपुरात पोचायला आमचा पार भुगा झाला. होस्टेलच्या दारात लंबूनं माझे पाय धरले. मी तिची पिशवी उचलून आत ठेवली.

इकडे छोटी एकटी पडली. पहिल्या दिवशी तिनं बार केला आणि सवयीनं बंदूक डावीकडे सरकवली. तिथं कोणीच नव्हतं. मग मी जाऊन बसले. माझे गुडघे कुरकुरले, साडीला भुसा लागला, आणि स्टाफरूमच्या खिडकीतून दोघी-तिघी बघून हसल्या, पीटी टीचर पोट्टीची चाकरी करून राहिली म्हणून. हसा म्हटलं. स्पर्धेपर्यंत मी रोज तिला मोडून दिली. स्पर्धेत ज्याची त्याला मोडावी लागते, म्हणून अर्धा वेळ तिची तिलाच मोडायला लावली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही चारही बंदुका चादरीत गुंडाळून बसनं नेल्या. साध्या बंदुकांची वेगळी स्पर्धा होती, दुपारी. सकाळी टाकीवाल्यांची. काचेमागे आम्ही सगळ्या दाटीवाटीनं उभ्या राहिलो. लंबू आली. अंगात ताठ कोट, पायात जड बूट, चालताना लाकडाच्या बाहुलीगत. रेषेवर उभी राहिली. पहिला बार. समोरच्या पडद्यावर ठिपका अगदी मधोमध उमटला आणि माझ्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग लंबूनं पडद्यावरची नजर न काढता ती लाखमोलाची बंदूक डावीकडे सरकवली.

डावीकडे कोण्या मोठ्या शाळेची पोट्टी होती. ती किंचाळली. पंच धावत आले. रेषेवर बंदूक दुसऱ्याकडे वळवणं म्हणजे केवढा गुन्हा. ताकीद दिली, पुन्हा झालं तर बाहेर. काचेअलीकडे, आमच्या बाजूला, हसण्याची लाट उठली. आमच्या शेजारी उभे असलेले साहेब दातओठ खाऊन म्हणाले, ये कौन-सी गँवारू आदत है. मी त्यांना सांगितलं, ती आदत माझी आहे, मी लावली आहे. लंबूचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते. छोटी नाक काचेला लावून उभी होती. ती रडत होती, आवाज न करता.

लंबू सावरली. पुढचे बार तिनं दात आवळून मारले आणि तिचा दुसरा नंबर आला. साहेबांचा चेहरा उजळला, फोटोवाला धावला.

दुपारी आमची पाळी झाली. आम्ही काही जिंकलो नाही. गोष्ट गोड करायला मला कोणी सांगेल तर मी करणार नाही. छोटीचा नंबर कुठेतरी मधे आला, बाकीच्यांचा तिच्या मागे. पण रेषेवर माझ्या पोट्ट्या उभ्या राहिल्या, एक नव्हे, सगळ्या. एवढ्या पोट्ट्या त्या दिवशी दुसऱ्या कोणत्या शाळेच्या नव्हत्या.

मग बक्षिसं. मग स्टेजवर हिरव्या कापडाचं टेबल आलं आणि साहेबांनी माइकवरून आमच्या शाळेचं नाव घेतलं. जुन्या बंदुका इथं ठेवा, नवी घ्या. बडी मॅडमनं माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीवरून उठून तिथूनच सांगितलं, नाही देणार. साहेब खाली उतरून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, तुमच्या अहंकारापायी शाळेचं नुकसान होते, पत्रेही विसरा मग. मी म्हटलं, विसरले. पण बंदुका शाळेच्या नावावर होत्या, माझ्या नव्हे. बडी मॅडम स्वतः उठल्या, बाकावरून बंदुकांची चादर उचलली आणि टेबलाकडे निघाल्या. त्यांच्याशी मी काय हिसकाहिसकी करणार होते? वाटलं, गेल्या.

स्टेजवरून लंबू खाली आली. गळ्यात मेडल, अंगात अजून तो कोट. तिनं बडी मॅडमच्या हातातली चादर सरळ आपल्या हातात घेतली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

“सर, ये जमा होंगी तो मैं भी आज ही घर जाऊँगी.”

साहेब हसले. म्हणाले, बेटा, तुझ्याकडे आता ती आहे, या खटाऱ्याचं तुला काय?

लंबूनं छोटीकडे बोट दाखवलं. “उसने मेरे लिए मोड़ी थी, सर. मैंने नहीं मोड़ी. मेरे ऊपर बाकी है.”

साहेबांना काय कळणार त्यातलं? पण त्यांना एवढं कळलं, की मेडलवाली पोट्टी चादर छातीशी धरून उभी आहे आणि फोटोवाला बाजूलाच आहे. रहने दीजिए, असं ते बडी मॅडमला म्हणाले आणि पुढच्या शाळेचं नाव घ्यायला गेले. बडी मॅडम खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं.

लंबू होस्टेलवरच राहिली. तिनं राहावं असं मीच बजावलं, तिथं तिचं चांगलं चाललं होतं आणि पुढेही चाललं. पत्रे काही आले नाहीत, सायकली उन्हात तापतात, आणि कोणी बोललं तर मी म्हणते, माझ्या घरून छत्री आणून लावते. नवी बंदूक आली नाही. रांग आहे तशी आहे.

आणि स्पर्धेनंतरच्या रविवारी, मी छोटीच्या डाव्या हाताला भुशात बसले होते. पोट्ट्यांना सुटी नको असते, त्या रविवारीही येतात. छोटीनं बार केला, बंदूक डावीकडे सरकवली, मी घ्यायला हात पुढे केला, तर माझ्या खांद्यावर एक हात आला. होस्टेलचे ते जड बूट आधी दिसले, मग ती. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याशी मराठीत एक शब्द काढला नव्हता.

“सरका ना जी मॅडम,” लंबू म्हणाली, “माही बारी आहे.”

मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सरकले.